पुण्याजवळच्या एका घरगुती केनेलकडून रॉटवायलर घेतला, त्याबद्दल सविस्तर

आधीच सांगते, पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच. सासवडच्या पुढे एक नवरा-बायको स्वतःच्या घरीच रॉटवायलर ब्रीड करतात, वर्षाला फार तर एक लिटर (म्हणजे एका वेळची पिल्लं), एखाद्या वर्षी तेही नाही. नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण त्यांनीच तशी विनंती केली होती, नाव फिरलं की लोक रविवारी गाडी काढून नुसतं पिल्लं बघायला येतात आणि बाळंत झालेल्या कुत्रीला त्याचा फार त्रास होतो. ज्यांना खरंच घ्यायचंय त्यांना त्या भागातले व्हेट सांगतात, मलाही आमच्या डॉक्टरांकडूनच कळलं.

आमचं घर वस्तीपासून जरा लांब आहे, शेताला लागून, आईबाबा दिवसभर एकटे असतात आणि आजूबाजूला मोटरी आणि केबल चोरीला जायचे प्रकार वाढले होते, त्यामुळे राखणीला मोठा कुत्रा हवा हे घरात ठरलेलं होतं. २०२२ च्या उन्हाळ्यात बघायला सुरुवात केली. सगळ्यात आधी ज्या केनेलला गेलो (तेही नाव नको) तिथे ओळीने पिंजरे होते आणि एक मोठा नर जाळीवर उड्या घेत होता, तोंडाला फेस, डोळे विस्फारलेले, आणि तिथला माणूस अभिमानाने सांगत होता की बघा कसा अंगावर येतो, याचीच पिल्लं आहेत. पिल्लं जेमतेम पाच आठवड्यांची असतील, आई कुठाय विचारलं तर म्हणे गावाला ठेवलीय. किंमत सांगताना डबल बोन, हेवी बोन, बिग हेड, चॅम्पियन लाइन, विदाउट पेपर एवढे कमी, विथ पेपर एवढे जास्त. अर्ध्या तासात एकदाही कुणी विचारलं नाही की कुत्रा ठेवणार कुठे आणि घरात कोण कोण आहे.

सासवडच्या ताईंना (त्या जोडप्यातल्या बाईंना) फोन केला तेव्हा पहिली पंधरा-वीस मिनिटं प्रश्न त्यांचेच. घर स्वतःचं की भाड्याचं, कंपाउंड किती उंच, गेट कसलं, घरात लहान मुलं येतात का, आईबाबांचं वय काय, त्यांना चाळीस-पन्नास किलोचा कुत्रा पट्ट्यावर धरता येईल का, नाही येणार तर कोण धरणार, आधी कुत्रा पाळलाय का, तो कशाने गेला, आणि मुख्य म्हणजे रॉटवायलरच का. मी म्हटलं राखणीला. तर म्हणाल्या, "बांधून ठेवणार असाल तर मी देत नाही, आत्ताच सांगते." बाबांना हे जरा खटकलं, पैसे आपण देणार आणि वर परीक्षाही आपलीच असं त्यांचं म्हणणं, पण मला तिथेच बरं वाटलं. जो माणूस कुणालाही पिल्लू देतो त्याला ते पिल्लू पुढे काय होणार याची काही पडलेली नसते, आणि या साइझच्या कुत्र्यात पुढे काय होणार हाच सगळा विषय आहे.

मग भेटायला बोलावलं, पिल्लं जन्मायच्याही आधी. हे मला नवीन होतं. त्या म्हणाल्या आधी आईला भेटा, ती आवडली तरच यादीत नाव घालते. गेट उघडलं तर कुत्री आवारात मोकळीच होती. दोनदा भुंकली, खोल आवाजात, आणि मग थांबली, म्हणजे अक्षरशः उभी राहून आमच्याकडे बघत राहिली, शेपटी ना वर ना पायात. ताईंनी "ठीक आहे" म्हटल्यावर हळूच येऊन सगळ्यांना हुंगलं आणि व्हरांड्यात जाऊन आडवी झाली, पण तोंड आमच्याकडे. आम्ही तासभर बसलो तर तासभर तिचं लक्ष होतं. बाबा चहा घ्यायला पटकन उठले तर तिने फक्त मान वर केली.

ताईंचं सगळं काम या एका गोष्टीवर चालतं आणि त्या ते फार पोटतिडकीने सांगतात: जो कुत्रा दिसेल त्याच्यावर भुंकतो, जाळीवर उड्या मारतो, तो बहुतेक वेळा घाबरलेला असतो. त्याला समोरचा चोर आहे की गॅसवाला आहे की शेजाऱ्याचं पोर आहे हे कळत नाही, त्याला फक्त ते लांब जायला हवं असतं. आणि घाबरलेला पन्नास किलोचा कुत्रा हा राखणदार नाही, तो घरातल्यांनाच धोका आहे. खरा राखणदार आधी बघतो, मग ठरवतो. हा शांतपणा, ज्याला हे लोक नर्व्ह म्हणतात, बऱ्यापैकी रक्तातून येतो, म्हणून भित्र्या किंवा चिडक्या मादीची वीण घ्यायची नाही, ती दिसायला कितीही देखणी असली तरी. त्यांच्याकडे अशी एक होती, शोमध्ये बक्षिसं मिळालेली, पण फटाक्यांना आणि अनोळखी पुरुषांना घाबरायची. तिची नसबंदी केली आणि ती घरातच राहिली. एका लिटरचे लाखो रुपये सोडलेत त्यांनी तिच्यापायी.

याला जात म्हणूनही आधार आहे. रॉटवायलर जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांचा कुत्रा, गुरं हाकायची, गाडा ओढायचा, मालकाबरोबर बाजाराला जायचं. म्हणजे दिवसभर माणसांच्या गर्दीत राहून काम करणारं जनावर, दिसेल त्याला चावणारा असता तर खाटकाने एक दिवस ठेवला नसता. १९१० मध्ये जर्मनीत पोलीस कुत्रा म्हणून मान्यता मिळाली, १९२१ मध्ये तिथला मुख्य क्लब एडीआरके स्थापन झाला, आणि आजही त्या क्लबमध्ये कुत्र्याला वीण घ्यायची परवानगी मिळण्याआधी हिप्स (खुब्याचे सांधे) आणि कोपरांचे एक्स-रे, शरीराची तपासणी आणि स्वभावाची परीक्षा द्यावी लागते, त्यात गोळीबाराच्या आवाजाला कसा वागतो तेही बघतात. एफसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे जात कशी असावी त्याच्या लेखी वर्णनात (नंबर १४७) तर स्वच्छ लिहिलंय की स्वभाव मनमिळाऊ, शांत आणि मुलांची आवड असणारा हवा, आणि भित्रा किंवा आक्रमक कुत्रा बाद. नराची उंची ६१ ते ६८ सेंटीमीटर, वजन साधारण ५० किलो, मादी साधारण ४२. आपल्याकडे साठ-सत्तर किलोचे नर कौतुकाने दाखवतात ना, ते स्टँडर्डच्या बाहेरचे आहेत आणि ते वजन त्या बिचाऱ्याच्या सांध्यांवर पडतं.

कागदांबद्दल. आई आणि बाप दोघांच्या हिप्सचे एक्स-रे त्यांनी न मागता दाखवले, बाप त्यांचा नव्हता, बंगळुरूचा स्टड (वीणीसाठी वापरला जाणारा नर) होता. ग्रेड ए ते ई असते, ए सगळ्यात चांगली, त्यांच्याकडे ए आणि बी होती. केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर होते पण त्यावर त्यांनी स्वतःच सांगितलं की केसीआयचं सर्टिफिकेट म्हणजे आईबाप कोण एवढंच, त्यातून तब्येत कळत नाही आणि स्वभाव तर नाहीच. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाचं रजिस्ट्रेशन भिंतीवर लावलेलं होतं. २०१७ च्या डॉग ब्रीडिंगच्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ते लागतं, आणि त्याच नियमांत आहे की मादी १८ महिन्यांची होईपर्यंत वीण नाही, लागोपाठच्या दोन हीटना (माजावर येण्याच्या वेळांना) नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त लिटर नाहीत आणि पिल्लू ८ आठवड्यांच्या आत विकायचं नाही. कृपा करून हे पाठ करून ठेवा, आणि जो कोणी पाच-सहा आठवड्यांचं पिल्लू हातात द्यायला बघेल तिथून तसेच परत या. शेवटच्या त्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लू भावंडांकडून आणि आईकडून चावा किती जोरात घ्यायचा हे शिकतं, जोरात चावलं की समोरचा ओरडतो आणि खेळ थांबतो. मोठ्या जबड्याच्या कुत्र्याला हे शिकायला न मिळणं परवडणारं नाही.

आता पिल्लांना वाढवतात कसं ते, कारण मी पैसे याचे दिले असं मला वाटतं. पिल्लं स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत. कुकरची शिट्टी, मिक्सर, ताट पडणं, टीव्ही हे सगळं जन्मापासून कानावर. तिसऱ्या आठवड्यानंतर मोबाइलवर ढोल-ताशा आणि फटाके, आधी अगदी हळू, मग थोडं थोडं वाढवत, आणि तेव्हा खाणं चालू. फरशी, गवत, वाळू, पत्रा, गोणपाट अशा वेगवेगळ्या गोष्टींवर चालवतात. रोज एकेका पिल्लाला दहा मिनिटं बाकीच्यांपासून वेगळं घेऊन बसतात म्हणजे एकटं राहायची सवय होते. टोपीवाला माणूस, हेल्मेटवाला माणूस, काठी घेतलेले आजोबा, घुंघट घेतलेल्या बाई, शाळेतली पोरं (चप्पल बाहेर, पाय धुऊन), असे लोक मुद्दाम बोलावतात. कुत्र्याचं मन बाहेरच्या जगाला उघडं असतं ते साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत, त्यातला जवळजवळ अर्धा काळ पिल्लू ब्रीडरकडेच असतं, म्हणजे ब्रीडरने तेव्हा काही केलं नाही तर मालक नंतर कितीही धडपडला तरी कमीच पडतं. आणि लसी पूर्ण व्हायच्या आधी बाहेर काढायचं नाही म्हणून घरात कोंडून ठेवतात तेही नको, त्यांनी आम्हाला सांगितलं की कडेवर घेऊन फिरवा, जमिनीवर ठेवू नका, कारण पार्व्होचा विषाणू या जातीला जास्त त्रास देतो, पण एसटी स्टँड, देवळाबाहेरची गर्दी, ट्रॅक्टर, सगळं दाखवा. आम्ही जेजुरीच्या पायथ्यापर्यंत कडेवर घेऊन गेलो होतो, भंडारा उधळत होते, ढोल वाजत होते, आणि हा खांद्यावर मान टाकून बघत होता.

पिल्लू आपण निवडायचं नाही, हे कित्येकांना आवडत नाही. त्या सात आठवडे रोज बघतात आणि घर बघून पिल्लू देतात. माझ्या मनात सगळ्यात दांडगा नर होता, जो पहिला धावत आला होता. तो त्यांनी एका ट्रेनिंग करणाऱ्या घराला दिला आणि आम्हाला मधला, जो आधी लांब बसून बघत होता आणि मग आला. आईबाबांच्या वयाला तोच योग्य होता हे आता रोज दिसतं. बाबांनी नाव ठेवलं भैरू, भैरवनाथाचं वाहनच ते, दुसरं नाव सुचणार नव्हतंच.

किंमत ६५,०००. त्यात पहिली लस, जंताचं औषध, मायक्रोचिप, केसीआय पेपर, त्याच्या आईच्या वासाचं फडकं आणि एक लेखी करार. करारात असं आहे की साखळीला कायम बांधायचं नाही, शेपूट कापायची नाही, वीण घ्यायची नाही त्यांना विचारल्याशिवाय, आणि कुठल्याही वयात, कुठल्याही कारणाने कुत्रा नको झाला तर तो त्यांच्याकडेच परत द्यायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही की सोडायचा नाही. शेवटची अट मला सगळ्यात मोलाची वाटली. पुण्याच्या आसपासच्या शेल्टरमध्ये जाऊन बघा, किती रॉटवायलर आणि ग्रेट डेन आणि सेंट बर्नार्ड दीड-दोन वर्षांचे होऊन आलेले असतात, लहान होते तेव्हा गोड होते म्हणून. आणि हो, आमच्या कुत्र्याला शेपूट आहे, लोक अजून विचारतात हा मिक्स आहे का. नाही, रॉटवायलर शेपटीसकटच जन्माला येतो, आणि जर्मनीत ती कापायला केव्हाच बंदी आली.

खाण्याचं पत्रक दिलं त्यात कॅल्शियम सिरप देऊ नका असं लाल पेनने लिहिलेलं. आपल्याकडे मोठं पिल्लू दिसलं की दुकानदार पहिली बाटली कॅल्शियमचीच काढतो. मोठ्या जातीच्या पिल्लाचं शरीर जास्तीचं कॅल्शियम शोषून घेणं नीट थांबवू शकत नाही, हाडांची वाढ बिघडते. लार्ज ब्रीड पपीचं फूड नाहीतर व्हेटने बसवून दिलेलं घरचं जेवण, बरगड्या हाताला लागतील इतपत सडपातळ ठेवायचा, वर्षभर जिने आणि उड्या कमी, गुळगुळीत टाइल्सवर चटया. नसबंदीचं पण घाई करू नका म्हणाल्या, अमेरिकेत २००२ साली रॉटवायलरवरच एक अभ्यास छापून आला होता, त्यात एक वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांमध्ये हाडाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसलं होतं. आमच्या डॉक्टरांशी बोलून आम्ही दोन वर्षांनंतर केली.

विक्रीनंतरची सर्व्हिस म्हणाल तर अशी मी कुठल्याच गोष्टीत बघितली नाही, गाडीतही नाही. दीड वर्षाच्या आसपास भैरू बदलला. तोपर्यंत सगळ्यांशी गोडीगुलाबीने असणारा हा अचानक गेटवर दूधवाल्याकडे गुरगुरला. आई घाबरली. ताईंना व्हिडिओ पाठवला तर त्या म्हणाल्या हे वयाप्रमाणेच आहे, राखणीची जाणीव याच सुमाराला जागी होते, आता ओरडू नका, मारू तर अजिबात नका, गुरगुरणं ही त्याने दिलेली सूचना आहे, ती दाबलीत तर पुढच्या वेळी सूचना न देता चावेल. मग त्या स्वतः आल्या, पेट्रोलचेही पैसे घेतले नाहीत, आणि दोन रविवार बसून शिकवलं: बेल वाजली की गेटकडे जायचं नाही, व्हरांड्यातल्या चटईवर जाऊन बसायचं, आणि माणूस आत आला की बक्षीस. दूधवाल्याने स्वतः लांबून चिकनचे तुकडे टाकले. काही आठवड्यांत जमलं. आता कुणी आलं की एकदा भुंकतो आणि चटईवर जाऊन बसतो, बघत. अगदी त्याच्या आईसारखा. कुणी अनोळखी माणूस त्याच्या नजरेखालून कंपाउंडच्या आत पाय टाकेल असं मला वाटत नाही, आणि त्यासाठी त्याला कुणाला चावायला शिकवावं लागलेलं नाही. अटॅक ट्रेनिंग देतो म्हणणाऱ्या लोकांपासून लांब राहा, घरच्या कुत्र्याला त्याची काही गरज नसते.

मार्च २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवलं होतं २३ जातींच्या विक्री आणि ब्रीडिंगवर बंदी घाला म्हणून, त्यात रॉटवायलर, कांगाल, कॉकेशियन शेफर्ड, केन कोर्सो, बोअरबोएल सगळे होते. पुढे एप्रिलमध्ये कर्नाटक हायकोर्टाने ते पत्रक रद्द केलं. त्या काळात घाबरून लोकांनी कुत्रे रस्त्यावर सोडू नयेत म्हणून ताईंनी सगळ्या मालकांना एकेक करून फोन केले, लायसन्स काढलंय का, रेबीजची लस कधी झाली, मझल (तोंडाला बांधायचं मुसकं) आहे का, हे विचारलं. मग मे महिन्यात चेन्नईच्या एका पार्कमध्ये दोन रॉटवायलरांनी पाच वर्षांच्या मुलीवर हल्ला केला, ती बातमी आली त्या दिवशीही त्यांचा मेसेज आला की बाहेर नेताना मझल, पट्टा मोठ्या माणसाच्याच हातात, आणि लहान मुलांना कुत्र्याबरोबर एकटं सोडायचं नाही, आपला कितीही गरीब असला तरी. मला हे बोलणं पटतं. जात बॅन करून काही होणार नाही असं माझं ठाम मत आहे, पण कुत्रा मोकळा सुटून कुणाला इजा झाली तर जबाबदार मालकच, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. "आमचा काही करत नाही" म्हणत पट्टा न लावता फिरवणाऱ्यांमुळेच बाकीच्यांची बदनामी होते. मझल घ्यायचा तर टोपलीसारखा घ्या, त्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. कापडी घट्ट मझलमध्ये आपल्या उन्हात काळा कुत्रा गुदमरतो.

आता अर्धा स्टार कशाचा. कोपरांचे एक्स-रे फक्त आईचे होते, स्टडचे नव्हते, आणि हार्टचा टेस्ट दोघांचाही नव्हता. रॉटवायलरमध्ये हृदयाच्या झडपेखालचा रक्ताचा मार्ग अरुंद असण्याचा आजार येतो, इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेतलं पाहिजे, विशेषतः एवढे पैसे घेतल्यावर. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं, त्यांनी मान्य केलं आणि पुढच्या लिटरपासून करणार म्हणाल्या, केलं की मी इथे बदलेन. दुसरं, वाट खूप बघावी लागते आणि मधे काही कळवत नाहीत, एकदा तर मादी गाभणच राहिली नाही आणि ते आम्हाला फार उशिरा कळलं. ताईंचं बोलणं सडेतोड आहे, आईला पहिल्यांदा जरा लागलं होतं.

फ्लॅटमध्ये राहत असाल आणि घरी दिवसभर कुणी नसेल तर त्या नाही म्हणतील, वाद घालू नका. फार्महाउसवर नोकराच्या भरवशावर ठेवायचा असेल तरीही नाही म्हणतील. खर्चाचंही बघून घ्या, आमचा खाण्याचा, डॉक्टरांचा आणि औषधांचा मिळून महिन्याला आठ-नऊ हजारांच्या आत कधी भागत नाही आणि हा कुत्रा साधारण नऊ-दहा वर्षं असतो. ज्यांचं सगळं बसतंय त्यांनी फोन करण्याआधी घरमालकाची परवानगी, कंपाउंडचे फोटो आणि तुमच्या व्हेटचा नंबर तयार ठेवा, त्या पहिल्याच फोनवर मागतात, आणि व्हेटला खरंच फोन करून तुमच्याबद्दल विचारतात.